विमानातून न उतरलेला जॉर्ज आणि ३४ किलो सोनं: सुप्रीम कोर्टाचं चुकलं का?

उलटतपासणी:
लॉ कॉलेजात पहिल्याच वर्षी घोकून घेतात की गुन्हा ठरायला दोन गोष्टी लागतात. हातून घडलेली कृती म्हणजे ॲक्टस रिअस, आणि त्यामागचं दोषी मन म्हणजे मेन्स रिआ. मग जॉर्जचा खटला शिकवतात आणि कळतं की दुसरी गोष्ट कोर्टाच्या मनात आलं तर वगळताही येते. माझ्या मते तो निकाल चुकीचा होता आणि त्याची किंमत आपण अजून मोजतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हकीकत. मेयर हान्स जॉर्ज हा जर्मन नागरिक २७ नोव्हेंबर १९६२ ला झुरिकहून मनिलाला निघाला. अंगात खास शिवून घेतलेलं जाकीट, त्याच्या कप्प्यांत सुमारे ३४ किलो सोनं. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान सांताक्रूझला थांबलं. हा उतरलाही नाही, सीटवरच बसून होता. १९४८ पासूनचा नियम असा की सोनं परदेशातून परदेशात चाललंय आणि विमानाबाहेर निघत नाही, तर रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी नको. ८ नोव्हेंबर १९६२ ला बँकेने तो बदलला. आता असं सोनं विमानाच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, दाखवलेलं हवं. ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापून आली २४ तारखेला. विमान सुटलं त्याच्या तीन दिवस आधी!

मॅजिस्ट्रेटने एक वर्षाची सक्तमजुरी दिली, मुंबई हायकोर्टाने सोडून दिलं, सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी परत दोषी धरलं. बहुमतात न्या. अय्यंगार आणि न्या. मुधोळकर, विरोधात न्या. सुब्बाराव. झुरिकच्या माणसाने भारताचं राजपत्र कुठे वाचायचं होतं, हे कोणीतरी मला सांगा.

दंडुका:
अहो, एवढा कळवळा? कस्टमवाल्याने "सोनं आहे का" विचारलं तेव्हा या साहेबांनी खांदे उडवून "कसलं सोनं?" असं उलट विचारलं होतं. निरागस प्रवासी ३४ किलो अंगावर बांधून सीटवर अवघडून बसत नाही. आणि तारीख बघा. चीनचं युद्ध नुकतंच थांबलेलं, परकीय चलनाची मारामार, जानेवारी १९६३ मध्ये तर सोने नियंत्रणच आलं. अशा वेळी प्रत्येक कॅरियरच्या मनात काय होतं ते सरकारी पक्षाने सिद्ध करत बसायचं म्हटलं तर एकही खटला टिकणार नाही. फेराचा, म्हणजे परकीय चलन नियमन कायद्याचा, हेतूच चलन वाचवण्याचा होता. बहुमताने तो ओळखला, बस.

उलटतपासणी:
खोटं बोलला म्हणून त्याला नवा नियम माहीत होता असं होत नाही. सोनं लपवायची कारणं शंभर असतात. चोराची भीती, मनिलाचं कस्टम, काहीही. सरकारने "माहीत होतं" एवढं सिद्ध केलं असतं तर मी हा धागाच काढला नसता. पण "माहीत असायची गरजच नाही" हे तत्त्व आलं, आणि ते फक्त स्मगलरला लागत नाही.

कलमकसाई:
दोघंही मुद्द्याच्या बाजूबाजूने जाताय. मेन्स रिआ म्हणजे आपण काय करतोय याची जाणीव. ते करणं कायद्याने बंद आहे, याची जाणीव नव्हे. आपल्या अंगावर सोनं आहे आणि आपण ते भारतात उतरलेल्या विमानातून नेतोय, हे जॉर्जला पक्कं ठाऊक होतं. नव्हता ठाऊक तो कायदा, आणि कायद्याचं अज्ञान ही सबब नाही. दंडसंहितेचं कलम ७९ (आता न्याय संहितेचं १७) वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजाला माफ करतं, कायद्याबद्दलच्या नाही.

खरा गैरसमज कसा असतो त्याचं उदाहरण आपल्या नागपूर हायकोर्टाच्या १९५२ च्या निकालात आहे. एका आजारी माणसाला भ्रमात स्वतःचा मुलगा वाघ वाटला आणि त्याने कुऱ्हाड चालवली. मुलगा गेला. हायकोर्टाने बापाला दोषी धरलं नाही, कारण त्याच्या मनाने तो वाघ मारत होता. ते प्रकरण जॉर्जच्या शेजारी ठेवा, फरक आपोआप दिसेल.

उलटतपासणी:
हा आतापर्यंतचा सगळ्यात वजनदार प्रतिसाद. तरीही पटलं नाही. सबब नाही हा नियम गृहीत धरतो की कायदा कळून घेण्याची काहीतरी सोय होती. सिंगापूरच्या लिम चिन ऐकचा खटला सुब्बारावांपुढे होता. त्याला सिंगापूरमध्ये यायला बंदी घालणारा हुकूम निघाला होता, पण त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. १९६३ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च अपील कोर्टाने, त्याला सोडलं.

कलमकसाई:
तो हुकूम एकट्या लिमसाठी होता आणि तो कुठेच प्रसिद्ध केलेला नव्हता. इथली अधिसूचना सगळ्यांसाठी होती आणि राजपत्रात आली होती. बहुमताने नेमका हाच फरक दाखवला. भारतातला कायदा भारतात प्रसिद्ध झाला की लागू. झुरिकला नेऊन दवंडी पिटायची का?

भुसारवाला:
तुमचं सोनं राहू द्या, आमच्या गव्हाचं बोला. मध्य प्रदेशातल्या धारचा धान्य व्यापारी, नथुलाल. परवान्याचा अर्ज केला, फी भरली, इन्स्पेक्टर म्हणाला काळजी करू नका, परवाना घरी येईल. याने विश्वासाने गहू भरला आणि वर खटला, विनापरवाना साठा! हायकोर्टाने दोषी धरलं. सुप्रीम कोर्टात कोण धावून आलं? हेच सुब्बाराव. कायद्यात स्पष्ट नसेल तर मेन्स रिआ वगळायचा नाही, म्हणून सोडलं. जॉर्जनंतर थोड्याच महिन्यांत, त्याच कोर्टात.

मग सरकारला झोंबलं. १९६७ साली जीवनावश्यक वस्तू कायद्यात शब्द घातले की जाणूनबुजून केलं काय नि नकळत झालं काय, गुन्हा तो गुन्हा. ते १९७४ ला काढले, पण त्याच्या जागी कोर्टाने दोषी मन गृहीतच धरायचं आणि नव्हतं हे आरोपीने दाखवायचं, अशी तरतूद आणली. दुकानात बसणाऱ्याला विचारा, या दोहोंत फरक किती पडतो ते. गोदामात पोतं इकडचं तिकडे झालं तरी पहिला प्रश्न आम्हालाच.

दंडुका:
बरोबरच आहे की. साठेबाजी कोण करतं मग, गिऱ्हाईक?

भुसारवाला:
सगळ्यांना एका तराजूत घालताय म्हणूनच तर भांडतोय, दंडुकाशेठ.

वसईचा_वारा:
मन झालं, आता कृतीचंही बघा. १९६८ साली आमच्या वसईजवळ कामण खाडीच्या पुलापाशी जीप नि ट्रक पकडले. आत चांदीच्या विटा, ट्रकात तर वरून भुशाची पोती. खाडीकडून यांत्रिक होडीचा आवाज येत होता. सेशन्स कोर्ट म्हणालं ही नुसती तयारी, हायकोर्टाने तेच उचललं. आणि तयारीला सहसा शिक्षा नसते. १९८० ला सुप्रीम कोर्टाने उलटवलं: माल खाडीपर्यंत आणला, उतरवायला घेतला, हा प्रयत्नच. म्हणजे होडीत चांदी चढलीच नव्हती तरी कृती पुरी पडली. तिथे कोर्टाने हेतू आजूबाजूच्या परिस्थितीवरून ओळखला ना? मग जॉर्जच्या बाबतीतही ओळखता आला असता. वगळायची काय गरज होती?

उलटतपासणी:
अगदी हेच! वसईच्या खटल्यात मनाचा शोध घेऊन शिक्षा झाली. जॉर्जला तो शोध न घेता झाली. स्मगलर सुटतील ही दंडुकांची भीती तिथेच फिटते. आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने जॉर्जची शिक्षा भोगलेल्या तुरुंगवासापुरतीच ठेवली, म्हणजे कुठेतरी कोर्टालाही टोचत असणार.

कलमकसाई:
शिक्षा कमी करणं वेगळं, दोष पुसणं वेगळं. आणि फेरा आता इतिहासजमा. आज भांडायचं तर एनडीपीएसवर, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यावर, भांडा. कलम ३५ दोषी मन गृहीत धरतं आणि आरोपीने ते संशयापलीकडे खोडून काढायचं. दिवाणी दाव्यासारखं "जास्त शक्यता अशी" म्हणून भागत नाही. २००८ साली नूर आगाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हे कलम टिकवलं, मात्र आधी मूळ गोष्टी सरकारी पक्षाने पक्क्या सिद्ध करायच्या, असं बजावलं.

सहज_सुचलं:
मी दुबईला असतो. सुट्टीला निघालो की ओळखीतलं कोणीतरी "एवढं पार्सल घेऊन जा, पुण्याला भाऊ न्यायला येईल" म्हणतंच. तुमच्या चर्चेवरून मी काय करायचं?

कलमकसाई:
त्यांच्यासमोर पार्सल उघडायचं, एकेक वस्तू बघायची आणि मग पॅक करायचं. उघडू देत नसतील तर न्यायचं नाही.

उलटतपासणी:
यावर माझा आणि कलमकसाईंचा वाद नाही. जॉर्जवर आहे, तो चालू.