कोल्हापूरहून खिद्रापूरला रोड बाईकनं जायचंय, सांगली रोड नको. आतला रस्ता कुठला?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. वय ४३, बँकेत नोकरी, बैठं काम. पाडव्याला रोड बाईक (बारीक टायरची सायकल) घेतली, टायर २५ मिमी रुंदीचे. रंकाळ्याच्या फेऱ्या मारून झाल्या, पन्हाळा तीनदा चढून झाला (पहिल्यांदा वाघबीळच्या पुढं ढकलतच नेली, खोटं कशाला बोलू). आता दसऱ्यानंतर एखाद्या रविवारी खिद्रापूर करायचं मनात आहे. तिथलं कोपेश्वराचं देऊळ शाळेच्या सहलीत बघितलं होतं, तेव्हा सगळं लक्ष डब्याकडं होतं.

मागच्या महिन्यात सांगली रोडनं हातकणंगल्यापर्यंत गेलो. एका ट्रकचा आरसा कोपराला घासून गेला. तिथंच एका टपरीवर अर्धा तास बसलो आणि परत फिरलो. घरी काही सांगितलं नाही. तेव्हा हायवे नको. गावागावांतून, नदीकडंनं जाणारा रस्ता कुणी केलाय का? २५ चे टायर चालतील का? आणि कुत्री?

वाऱ्यावरचीवरात

एवढं काय विचारायचं त्यात. मॅपवर चालत जायचा पर्याय लावायचा, आतले रस्ते आपोआप दाखवतो. मी तसाच जातो. सरासरी २७ चा स्पीड पडतो.

बंधारेवाले काका

वरच्या भावाचं ऐकू नको. मॅपला रस्ता दिसतो, रस्त्यावरचा ऊस दिसत नाही.

मी पाटबंधाऱ्यात ३१ वर्षं काढली. निम्मी नोकरी ॲटलास सायकलवर झाली, आता पोराची जुनी रोड बाईक दामटतो. आपल्याकडं रस्ता शांत हाय का नाही हे ऊस आणि नदी, दोघं मिळून ठरवतात. कारखान्यांचं गाळप एकदा सुरू झालं की मार्चपर्यंत आतला प्रत्येक रस्ता उसाचा. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेप फुल्ल. त्याला तू दिसतही नाहीस आणि ऐकूही येत नाहीस. सांडलेलं उसाचं एक टिपरू बारक्या टायरखाली आलं की ते बेअरिंगसारखं फिरतं, मग तू कुठं आणि सायकल कुठं. म्हणून दसऱ्यापासनं गाळप सुरू व्हायच्या आत जे दोन-तीन आठवडे मिळतात, ते तुझे. नाहीतर मग एप्रिलात, पहाटे.

रस्ता सांगतो. गडमुडशिंगी, सांगवडे, हलसवडे करत पट्टणकोडोली. बिरदेवाची यात्रा असली तर भंडाऱ्यानं तू आणि सायकल दोघंही पिवळे होऊन पुढं जाशील, ते काय वाईट नाही. कोडोलीतनं इंगळी, आणि तिथनं रुईच्या बंधाऱ्यावरनं पंचगंगा ओलांडायची. मग इचलकरंजी कडेनं सोडून टाकवडे, शिरढोण, पूल ओलांडून कुरुंदवाड. पुढं अकिवाट, राजापूर, खिद्रापूर. एका बाजूनं साठ-पासष्ट किलोमीटर धर.

आता बंधाऱ्याचं नीट ऐक, कारण हितंच माणसं आपटतात. आपला हा बंधारा म्हणजे ओळीनं दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत घातलेल्या फळ्या. त्यांना आम्ही बरगे म्हणतो. पावसाळ्याच्या तोंडाला बरगे काढायचे म्हणजे पूर निघून जातो, पाऊस सरला की घालायचे म्हणजे पाणी अडतं. देशभर ह्याला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात, आणि आपल्याच पोरांना तो फक्त शॉर्टकट म्हणून माहीत असतो. वरची वाट अरुंद. बऱ्याच ठिकाणी कठडा नसतो, असला तरी पुरात वाकलेला. पावसाळ्यात हे सगळं कितीदा पाण्याखाली जातं ते मोजत बसायचं काम नाही. पाणी उतरलं की वर बोटभर गाळ बसतो. तो वाळला की वरनं रस्त्यासारखाच दिसतो, आतनं लोणी. खांद्याएवढ्या उंचीच्या बाभळी वाहून येऊन अडकलेल्या असतात, त्यांचे काटे महिनाभर त्या गाळात उभे राहतात. आम्ही बरगे घालायला उतरायचो तेव्हा गमबुटातनं आत शिरायचे, तुझ्या २५ च्या टायरची काय कथा. २८ बसत असतील तर २८ टाक, हवा जरा कमी ठेव. आणि बंधाऱ्यावर उतर. चालत जा. शंभर-दोनशे पावलं चाललास म्हणून कुणी मेडल काढून घेत नाही.

दुसरी गोष्ट चरींची. नदीवरनं रानात पाणी न्यायला पाइपलाइनवाले रस्ता आडवा खणतात आणि वर मुरूम लोटून मोकळे होतात. सांगवडे ते कोडोली मी एकदा अकरा मोजल्या होत्या. उतारावर चर दिसायच्या आत चाक गेलेलं असतं. माझं मनगट २०१६ साली तिथंच गेलं. तेव्हापासनं उतार आला की हात ब्रेकवर.

एकदम खिद्रापूर जड वाटलं तर आधी कसबा बीड कर. फुलेवाडी सोडून कोगे, बहिरेश्वर, बीड. आपलं बीड हं, ऊसतोडकरी येतात ते बीड नव्हे. शिलाहारांच्या काळातलं गाव. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड, इतके की ह्या भिंतीला एक, त्या झाडाखाली दोन. पावसानं माती धुतली की सोन्याची बेडा, म्हणजे जुनी बारकी नाणी, सापडल्याच्या बातम्या अधनंमधनं येतात. मला एवढ्या वर्षांत बीडमध्ये फक्त दोन पंक्चर सापडली.

शिरढोणची माहेरवाशीण

काकांचं सगळं बरोबर, एक सोडून. इचलकरंजी ‘कडेनं सोडून’ म्हणणं सोपं आहे. मी तिथंच राहते. सकाळी पाळी सुटायच्या वेळेला यंत्रमागाची माणसं आणि सुताच्या गाड्या रस्त्यावर असतात. साडेसातच्या आत तिथून बाहेर पडा, म्हणजे कोल्हापूर पाचला सोडा. गंगावेशीत दूध पीत बसू नका, ते परत आल्यावर.

कुत्र्यांचं म्हणाल तर पळायचं नाही. मी उतरते, सायकल मधे धरते आणि घरच्या कुत्र्याला बोलावं तसं “काय रे, काय झालं?” म्हणते. लोक हसतात, पण मला आजवर एकही चावलेलं नाही. शिरढोणच्या पुलाआधीचं काळं मात्र कुणाचंच ऐकत नाही. तिथं बाटलीतलं पाणी उडवा.

कुरुंदवाड नुसतं ओलांडू नका. गणपतीत तिथल्या मशिदींमध्ये गणपती बसतात, ते दसऱ्यानंतर दिसणार नाही, पण गल्ल्या आणि घाट बघण्यासारखे आहेत. येताना पंचगंगेचा पूल ओलांडून नरसोबाच्या वाडीला वळा. बासुंदी खाऊन सायकल चालवायची नसते हे मी स्वतःवर प्रयोग करून सांगते. कवठाची बर्फी खिशात टाका, ती चालते.

आणि खिद्रापुरात क्लीटचे (पेडलला अडकणारे, तळाला कडक खाच असलेले) बूट देवळाबाहेर काढून ठेवा. एकजण त्या दगडी फरशीवर टकटक करत गेला आणि स्वर्गमंडपात बरोबर मधोमध बसला, म्हणजे आपटला. ते मीच. पण आपटले म्हणून वर बघितलं. ४८ खांबांचा मंडप आणि छताच्या मधोमध नुसतं गोल आभाळ. उठायला मन होईना. महादेवासमोर नंदी नाही म्हणून शोधत बसू नका, तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला आहे. खाली देवळाच्या पीठावरचे, म्हणजे जोत्यावरचे, हत्ती मात्र एक फेरी मारून सावकाश बघा, प्रत्येकाची झूल वेगळी.

वाऱ्यावरचीवरात

बंधाऱ्यावर उतरून चालायचं? सरासरी बोंबलली की.

बंधारेवाले काका

सरासरी पुरात वाहून गेली तर ती काढायला आता मी नोकरीत नाही भावा.

मंगळवारपेठकर

सगळ्यांचे आभार. २८ चे टायर आज टाकून आणले, फ्रेममध्ये कसेबसे बसले. बायकोला आरशाचं सांगून टाकलं. ती म्हणाली, मग मी गाडी घेऊन वाडीला थांबते, बर्फी माझ्याकडं दे. म्हणजे परतीची अर्धी चिंता गेली.

काका, रुईच्या बंधाऱ्यावरचा गाळ काढलाय का काही कळलं? ह्या रविवारी निघावं म्हणतोय.

बंधारेवाले काका

काल सांजच्याला जाऊन आलो. इंगळीकडच्या अर्ध्यात काढलाय, रुईकडं अजून हाय. डाव्या अंगानं चाल, उजव्या बाजूला बाभळ अडकलीय. आणि पाच म्हणजे पाचला निघ. मी सांगवड्यात एसटीच्या थांब्यावर असतो. कोडोलीपर्यंत येतो, पुढं गुडघा ऐकत नाही.