अंडी बंद केली की मॉडेलमध्ये एलडीएल धाडकन उतरतं, बाबांच्या रिपोर्टात उतरत नाही. काय राहतंय?

गोदाकाठचा_गणिती

मंडळी, एक अडलंय, बायोकेमिस्ट्री किंवा कंट्रोल सिस्टीमवालं कोणी असेल तर बघा जरा. एम.एस्सी. गणित दुसऱ्या वर्षाला आहे, नाशकातच, प्रोजेक्टला शरीरातल्या कोलेस्टेरॉलचं मॉडेल घेतलंय. आत्तापर्यंत केलंय ते असं: रक्तातलं एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ही एक राशी, आत येणारं म्हणजे खाण्यातलं अधिक लिव्हरने बनवलेलं, बाहेर जाणारं म्हणजे एक स्थिरांक गुणिले एलडीएल. एकच इक्वेशन, सुटतंही छान. पण खाण्यातलं शून्य केलं की ग्राफ एवढा खाली येतो की औषधं कशाला शोधली असं वाटावं.

आणि घरात उलटं चित्र. बाबा सातपूरला कंपनीत आहेत, एलडीएल १६८ आलं म्हणून अंडी पूर्ण बंद केली, काही महिन्यांनी तपासलं तर १५९. ते वैतागलेत आणि मला मॉडेलवर विश्वास उरला नाही. शिवाय गाईड म्हणतात हृदयविकारही जोडा, तो कुठे जोडायचा?

बायोकेम_शिकवते

अरे तुझं इक्वेशन चुकीचं नाही, त्यात शरीराने परत फिरून दिलेलं उत्तर नाहीये एवढंच. तू लिव्हरचं उत्पादन स्थिर धरलंस आणि बाहेर काढण्याचा वेगही स्थिर धरलास, प्रत्यक्षात दोन्ही हलतात, आणि दोन्हींची दोरी एकाच ठिकाणी आहे, लिव्हरच्या पेशीत.

पेशीच्या आत एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाचं पटलांचं जाळं असतं. त्या पटलातलं कोलेस्टेरॉल एकूण स्निग्ध रेणूंच्या साधारण ५ टक्क्यांच्या खाली गेलं की एसआरईबीपी-२ नावाचं प्रोटीन तिथून सुटून कापलं जातं आणि त्याचा तुकडा न्यूक्लियसमध्ये जाऊन दोन कामं एकदम सुरू करतो. एक, एचएमजी-कोए रिडक्टेज हे एन्झाइम वाढवतो म्हणजे कोलेस्टेरॉल घरीच जास्त बनतं. दोन, पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर वाढवतो म्हणजे रक्तातलं एलडीएल जास्त ओढून घेतलं जातं. कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की इन्सिग नावाचं प्रोटीन एसआरईबीपी-२ ला तिथेच धरून ठेवतं आणि दोन्ही कामं मंदावतात. हे बदलणं हळूहळू होत नाही, जवळजवळ बटणासारखं होतं, म्हणून इथे सरळ रेषा टाकू नकोस, हिल फंक्शन (एस आकाराची वक्ररेषा) टाक आणि घातांक चांगला मोठा ठेव. रिसेप्टरची ही सगळी कथा ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी उलगडली, १९८५ चं नोबेल त्याचंच.

आता अंडी. एका अंड्यात साधारण २०० मिग्रॅ कोलेस्टेरॉल, पण आतड्यात पित्तावाटे रोज १००० मिग्रॅच्या आसपास कोलेस्टेरॉल येतंच असतं आणि त्या सगळ्यातलं साधारण निम्मंच शोषलं जातं. खाण्यातलं कमी झालं की लिव्हर उत्पादन वाढवून बरंचसं भरून काढतं, म्हणून अंडी गेल्यावर थोडाच फरक दिसणार.

तेल-तूप-बेकरीचं वेगळं. त्यातलं सॅच्युरेटेड फॅट तुझ्या ‘आत येणारं’ या संज्ञेत बसतच नाही, ते रिसेप्टरची संख्या आणि काम कमी करतं, म्हणजे बाहेर जाण्याच्या संज्ञेत बसतं. बाबांना विचार, अंडी बंद केली पण सकाळच्या चहाबरोबर खारी आणि संध्याकाळी शेव-फरसाण चालूच आहे का?

गोदाकाठचा_गणिती

मॅडम, खारी चालू आहे. द्वारकेजवळच्या बेकरीतून दर शनिवारी पुडा येतो, आणि ती त्यांना चहात बुडवून दोन तरी लागतातच. म्हणजे रिसेप्टर ही दुसरी राशी आणि पेशीतलं कोलेस्टेरॉल ही तिसरी, असं करू का? आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, कुठे घालू?

अंबड_एमआयडीसी_कंट्रोल

तीन राशी बरोबर. मी प्रोसेस कंट्रोलमधला, औषधातला नाही, पण हा विषय मला फार जवळचा आहे म्हणून लांबच लिहितो.

आधी डोक्यातून काढ की रिपोर्टातला आकडा म्हणजे ‘किती खाल्लं’. आपल्याकडे पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलंय ते बघतात, त्यातून पातळी कळते, पण गंगापूर धरणातून किती सोडलंय आणि पुढे किती वाहून जातंय हे वेगवेगळं कळत नाही. एलडीएल १५९ तसंच आहे, दहा वेगवेगळ्या कारणांनी १५९ येऊ शकतं. आणि १६८ चं १५९ होणं हा फरक त्याच माणसात नुसत्या दिवसागणिक होणाऱ्या चढउतारातही येतो, तेव्हा त्यावर मॉडेल फिट करायला जाऊ नकोस. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजतही नाहीत, टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ म्हणतात ते) आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीचा पाचवा भाग वजा करतात, १९७२ चं फ्रीडवाल्डचं सूत्र, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही.

स्टॅटिन: रिडक्टेजच्या दराला एकापेक्षा कमी संख्येने गुण. मग गंमत बघ. रक्तातलं एलडीएल उतरतं ते मुख्यतः उत्पादन कमी झालं म्हणून नाही, तर पेशी उपाशी राहते, एसआरईबीपी-२ जागं होतं आणि रिसेप्टर वाढतात म्हणून. पण तेच एसआरईबीपी-२ पीसीएसके९ हे प्रोटीनही वाढवतं, जे रिसेप्टरला नष्ट व्हायला पाठवतं. रिसेप्टर एरवी एलडीएल आत सोडून दहा-एक मिनिटांत पुन्हा वर येतो, पीसीएसके९ चिकटलं की परत येत नाही. म्हणून हा दुसरा लूप घातल्याशिवाय मॉडेल पूर्ण होणार नाही. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी साधारण ६ टक्केच उतरतं हे डॉक्टरांना पाठ असतं, तुझं मॉडेल त्याच्या जवळपास येतंय का बघ, ही उत्तम परीक्षा आहे.

एचडीएलवरून ‘चरबी साफ करतो’ असा बाण मात्र काढू नकोस. टॉर्सेट्रापिब या औषधाने एचडीएल भरपूर वाढलं होतं, तरी औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले म्हणून २००६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली.

सिडकोतली_ताई

हृदयविकार कुठे जोडायचा यावर मला बोलायचंय, कारण आमच्या घरात हे आहे. माझ्या भावाचं एलडीएल कॉलेजात असताना २९० होतं. टाचेच्या वरची शीर जाड, बोटाने धरली की दोरखंडासारखी लागायची, मागे पट्टा असलेली सँडल घासायची म्हणून तो कायम साध्या चपलेत. हाताच्या बोटांच्या पेरांवरही गाठी होत्या. एका डॉक्टरांनी त्या गाठी संधिवाताच्या म्हणून सोडून दिल्या, वडिलांना चाळिशीत अटॅक आला होता हे कोणी विचारलंच नाही. त्याला फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेला जास्त कोलेस्टेरॉलचा आजार आहे, साधारण २५० माणसांत एकाला असतो, बहुतेकांना माहीतही नसतं.

तुझ्या मॉडेलमध्ये हा आजार म्हणजे एवढंच, रिसेप्टर तयार होण्याचा दर निम्मा कर. एलडीएल जवळपास दुप्पट होईल, आणि ते जन्मापासून असतं, पन्नाशीनंतर नाही.

म्हणून हृदयविकाराचं इक्वेशन आजच्या एलडीएलवर लावू नकोस, आजवर साठलेल्यावर लाव. रक्तातलं एलडीएल दोन-तीन दिवसांत बदलतं, धमनीतला थर दशकं घेतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांवरचा एक अभ्यास आला होता. पीसीएसके९ जन्मतःच निकामी असलेल्यांचं एलडीएल फक्त २८ टक्के कमी होतं, पण हृदयविकार ८८ टक्के कमी. औषधांच्या चाचण्यांमध्ये काही वर्षं एलडीएल डेसीलिटरला ३९ मिग्रॅने उतरवलं तर मोठे झटके साधारण पाचव्या हिश्शाने घटतात. दोन्हीतला फरक आहे तो काळाचा. ग्राफखालचं क्षेत्रफळ काढ, आणि वेळ शून्य म्हणजे जन्म धर.

गोदाकाठचा_गणिती

ताई, हे कोणत्या पेपरमधून एवढं नीट कळलं नसतं. रिसेप्टरचा दर निम्मा करून वय शून्यापासून चालवलं, नेहमीचा माणूस पन्नासाव्या वर्षी जेवढ्या क्षेत्रफळावर पोचतो तिथे हा पंचविशीच्या आसपासच पोचतोय. आणि खाण्यातलं शून्य केलं तरी आता ग्राफ थोडाच हलतो, बाबांसारखाच. एक शंका, धाकट्या काकांना एक्केचाळिसाव्या वर्षी स्टेंट टाकलाय. बाबांच्या १५९ ला याच्याशी जोडायचं का?

बायोकेम_शिकवते

१५९ वरून फॅमिलिअल वाटत नाही, पण सख्ख्या भावाला एक्केचाळिशीत स्टेंट ही गोष्ट साधी नाही, ती डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) एकदा तपासून घ्या, बाबांचं आणि काकांचं दोघांचं. ते जवळजवळ पूर्ण आनुवंशिक असतं, खाण्याने हलत नाही, नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येतही नाही, वेगळं लिहून मागावं लागतं. खारी बंद करून सहा-आठ आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये बाबांचं पुन्हा कर, तोवर डॉक्टरांनी गोळी सांगितली तर टाळू देऊ नकोस. तुझं स्वतःचं पण करून घे, तूही त्याच घरातला आहेस.