काळी मर्सिडीज ई-क्लास: ओरखडे न पाडता कशी धुवायची?

प्रश्न: गाडी नवी आहे, सोसायटीत बोअरचं पाणी. रोज ओल्या फडक्याने पुसून घेऊ की फिरत्या ब्रशवाल्या सेंटरला नेऊ?

उत्तर १: दोन्ही नको. धुळीत बारीक वाळू असते. जेमतेम ओली करून घासली की क्लिअरकोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) बारीक ओरखड्यांची गोल जाळी उमटते, काळ्यावर तर उन्हात लगेच दिसते. ब्रशमध्ये आधीच्या गाडीची माती असते. आधी प्रेशर वॉशरने, नोझल फूटभर लांब धरून, माती उडवा. मग शाम्पूचा फोम 4-5 मिनिटं राहू द्या, सुकू न देता. नंतर दोन बादल्या, एक शाम्पूची, एक मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला. छतापासून खाली, सरळ रेषेत, जोर न लावता. चाकांची बादली वेगळीच हवी.

उत्तर २: शाम्पू पीएच-न्यूट्रल (ना आम्लधर्मी, ना अल्कधर्मी) घ्या. भांड्यांच्या साबणाने रंगावरचं संरक्षक वॅक्स निघतं.

उत्तर ३: खरा त्रास बोअरच्या पाण्याचा. थेंब वाळले की क्षारांचे पांढरे डाग बसतात. सावलीत, बॉनेट गार असताना धुवा आणि लगेच जाड मायक्रोफायबर टॉवेलने टिपा, घासू नका. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.