पुण्याच्या हवेत वर्षभर गोधडी शिवायची, तर कोणते काम कोणत्या ऋतूत करावे?

प्रश्न (कोथरूड)

आमच्या घरी सासूबाईंची काही जुनी सुती नऊवारी लुगडी आणि माझ्या आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या आहेत. त्या कपाटात पडून राहण्यापेक्षा त्यांच्या गोधड्या व्हाव्यात आणि त्या मी स्वतः हाताने शिवाव्यात, अशी फार दिवसांची इच्छा आहे. नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून संध्याकाळी अर्धा-पाऊण तास मिळतो. घर दोन खोल्यांचे असल्यामुळे गोधडी कायम पसरून ठेवता येणार नाही. उन्हाळ्यात चार थरांचे कापड मांडीवर घेऊन बसवत नाही, पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो आणि पुढे दिवाळीची कामे लागतात. हे काम वर्षभराच्या घरकामात कसे बसवावे, पुण्याच्या थंडीला किती थर पुरतात आणि अर्धवट शिवलेली गोधडी पावसाळ्यात कशी सांभाळावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (सदाशिव पेठ)

ताई, आपल्याला आलेल्या अडचणीतच तिचे उत्तर आहे. गोधडी हे सलग एकच काम नसून धुणे, निवडणे, जोडणे, टाचणे आणि धावदोरा घालणे अशी निरनिराळी कामे आहेत, आणि त्यांतील प्रत्येकाला पुण्यात स्वतःचा ऋतू आहे.

होळीनंतर ऊन कडक झाले, की सगळी लुगडी धुऊन त्यांतली खळ पूर्ण काढून टाकावी. खळ राहिली, तर सुई अडते आणि साठवणीत कसर लागते. गडद लाल, निळ्या आणि काळ्या रंगांवर पांढरा ओला रुमाल दाबून चोळावा. रुमालाला रंग लागला, तर ते कापड फिक्या कापडाशेजारी मुळीच वापरू नये. मग प्रत्येक लुगडे खिडकीसमोर उजेडात धरून पाहावे. जिथे वीण विरळ दिसते आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणल्यावर कापड जाते, तो भाग काढून टाकावा. लुगडे बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या तळाशी आधी विरते, पदराजवळचा भाग बहुधा चांगला निघतो. ही निवड कंटाळवाणी वाटते, परंतु गोधडी किती वर्षे टिकणार हे येथेच ठरते.

नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर लांब असते. तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले, की एकेरी पलंगाच्या गोधडीचे चार थर एकाच लुगड्यातून निघतात. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा काही रात्री दहा अंशांच्या खाली जातो, तरी बंद खोलीत चार थर पुरतात. वृद्ध माणसांसाठी सहा करावेत. ऊब कापडाच्या वजनाइतकीच थरांमध्ये अडकून राहणाऱ्या हवेमुळे येते, म्हणून मऊ, पातळ कापडाचे अधिक थर हे जाड चादरीच्या दोन थरांपेक्षा चांगले.

जून ते सप्टेंबर मोठे कापड उघडूच नये. या महिन्यांत वीतभर चौकोन कापून वरच्या थराची जोडणी करावी. हे काम एका डब्यात मावते, भाजी शिजेपर्यंतही दोन चौकोन जोडून होतात, आणि मांडीवर ओझे नसते. नवरात्रानंतर हवा कोरडी झाली, की एखाद्या सुट्टीच्या सकाळी जमिनीवर सगळे थर अंथरून, मध्यापासून कडांकडे तळहाताने सुरकुत्या काढत, लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. पसरट जागा खरोखर लागते ती एवढ्याच दिवसापुरती. एकदा टाचली, की गोधडी गुंडाळून खुर्चीवर ठेवता येते आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज थोडा धावदोरा घालता येतो. तेव्हा मांडीवरची ऊब हवीहवीशी वाटते.

उत्तर (हडपसर)

वरील क्रम मला पूर्ण पटतो. थरांविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. माझे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिकडे उघड्यावर झोपण्यासाठी जाड वाकळ लागे आणि ती उचलताना दोन माणसे लागत. शहरातल्या सदनिकेत चारहून अधिक थर घेऊ नयेत, कारण अशी गोधडी धुतल्यावर पिळता येत नाही आणि बाल्कनीतल्या दोरीवर आतून वाळत नाही. वृद्धांसाठी सहा थरांची एक करण्याऐवजी तीन थरांच्या दोन कराव्यात. थंडीनुसार एक किंवा दोन्ही पांघरता येतात.

धावदोरा कडेपासून सुरू करून चौकटीत चौकट करत मध्याकडे न्यावा आणि दोन ओळींत एक बोट अंतर ठेवावे. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया त्यांची कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, याच रीतीने शिवतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची फुले लावतात. या रीतीत गोधडीच्या कडा प्रथम बांधल्या जातात; पुढे काम महिनोन्महिने रेंगाळले, तरी थर सरकत नाहीत.

दोरा सुतीच घ्यावा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुतापेक्षा बळकट असतो आणि काही वर्षांनी तोच कापड चिरतो. हातभर लांबीचा दुहेरी दोरा आणि मध्यम जाडीची लांब सुई पुरेशी होते. दाभणाने विरलेल्या लुगड्याला भोके पडतात. अंगुस्तान अवश्य वापरावे. हे सगळे तुळशीबागेत आणि रविवार पेठेत सहज मिळते.

उत्तर (औंध)

चौकोन जोडण्यासाठी शिलाई यंत्र वापरण्यास काहीच हरकत नाही, त्यात पुष्कळ वेळ वाचतो. थर एकत्र बांधण्याचा टाका मात्र हातानेच घालावा. यंत्राचा घट्ट टाका थर दाबून टाकतो आणि गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. आत कृत्रिम धाग्याचे भरण घालण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. पुण्यात थंडीचे मोजके आठवडे सोडले, तर त्यात घाम येतो.

प्रश्नकर्ती (कोथरूड)

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. यंदाच्या पावसाळ्यासाठी चौकोनांपासूनच सुरुवात करते. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या: लुगड्यांचे काठ ठेवावेत की काढावेत, आणि समजा मागच्या वर्षीची टाचलेली गोधडी जूनपर्यंत पुरी झालीच नाही, तर काय करावे?

उत्तर (सदाशिव पेठ)

काठ काढावेत. ते मधल्या कापडापेक्षा घट्ट विणलेले असतात, धुतल्यावर वेगळ्या प्रमाणात आटतात आणि गोधडीला चुण्या पडतात. काठ जरीचा असेल, तर तो अंगाला टोचतो. परंतु ते टाकू नयेत, त्यांचाच चारही बाजूंनी गोट लावावा. सर्वांत जास्त झीज कडेला होते आणि काठाचे कापड तिथे उत्तम टिकते.

अपुरी गोधडी मेअखेरीस दोन दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवावी, सावलीत पूर्ण निवू द्यावी आणि मग धुतलेल्या सुती खोळीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, भिंतीला न टेकवता ठेवावी. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, आत दमट हवा कोंडते. सुई कापडात टोचून ठेवू नये, ती गंजते आणि तिचा तांबूस डाग जात नाही. श्रावणात ऊन पडले, की खोळीसकट तासभर बाहेर काढावी आणि तिन्हीसांजेच्या आत परत आत घ्यावी.