मदत हवी आहे: शीर ग्रॅनाइटपेक्षा जुनी कशी निघाली?

अर्धायुष्य
माझ्या प्रबंधातील एक प्रकरण पूर्णपणे अडले आहे आणि परवा मार्गदर्शकांना उत्तर द्यायचे आहे, म्हणून थेट विचारतो. ग्रॅनाइटमधील क्वार्ट्झच्या शिरांत चाल्कोपायराइट (तांब्याचे धातुक) आणि मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनमचे धातुक) आहे. ग्रॅनाइटमधील झिर्कॉन या खनिजाचे युरेनिअम-शिसे वय (युरेनिअमच्या क्षयातून साचलेल्या शिशावरून काढलेले) आणि शिरेतील मॉलिब्डेनाइटचे रेनिअम-ऑस्मिअम वय यांत ४१ दशलक्ष वर्षांचा फरक येतो, आणि तोही उलटा: खडकापेक्षा त्यातली शीरच जुनी ठरते. दोन्ही प्रयोगशाळा आपापल्या आकड्यांवर ठाम आहेत. कोणते वय टाकून द्यावे?

गारगोटी
मूळ वये किती, हेच आपण लिहिलेले नाही. शंभर दशलक्ष वर्षांच्या खडकात हा फरक प्रचंड ठरेल, दोन अब्ज वर्षांच्या खडकात तो दोन टक्के आहे. त्रुटी किती धरली, झिर्कॉन लेझरने मोजले की विरघळवून, आणि मॉलिब्डेनाइटची पत्री (चपटा स्फटिक) केवढी होती, हे कृपया सांगावे.

अभ्रकप्रेमी
माझे ऐकाल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि ग्रॅनाइटमधील बायोटाइटचे, म्हणजे काळ्या अभ्रकाचे, आर्गॉन-आर्गॉन वय (पोटॅशिअमच्या क्षयातून साचलेल्या आर्गॉनवरून) काढा. माझ्या कामातील असाच गोंधळ त्यानेच मिटला होता.

गारगोटी
बायोटाइटमध्ये आर्गॉन टिकू लागतो तो तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या खाली आल्यावर. म्हणजे ते खडक निवल्याचे वय असते, आणि नंतर पुन्हा उष्णता मिळाली असेल तर तेही राहत नाही. दोघांच्या भांडणात तिसरा आणून उभा करण्यात काय अर्थ आहे?

अभ्रकप्रेमी
आर्गॉनला इतके हिणवण्याचे कारण नाही. शिरेच्या कडेला फेल्डस्पारचे सेरिसाइट (बारीक कणांचे पांढरे अभ्रक) झालेले असेल, तर ते शीर घडवणाऱ्या द्रावांनीच केलेले असते, म्हणून त्याचे आर्गॉन वय शिरेबद्दल सांगते.

अर्धायुष्य
झिर्कॉन १६४० ± १२ दशलक्ष वर्षे, लेझरने, २२ कण. मॉलिब्डेनाइट १६८१ ± ७. पत्री साधारण दीड सेंटीमीटर रुंद होती, तिच्या कडेचा तुकडा सुईने काढून दिला. त्याच पत्रीचे आणखी दोन तुकडे मोजले होते, ते १६५२ आणि १७०९ आले, पण जुळत नसल्यामुळे धरले नाहीत.

कातळवाट
जे धरले नाही त्यातच आपले अर्धे उत्तर आहे. मॉलिब्डेनाइटमध्ये रेनिअम हे मॉलिब्डेनमच्या जागी नीट बसते, परंतु रेनिअम-१८७ च्या क्षयातून जन्मणाऱ्या ऑस्मिअम-१८७ ला त्या जाळीत सोयीची जागा नसते, त्यामुळे ते पत्रीच्या आतल्या आत सरकते. एवढ्या काळात मुळातल्या रेनिअम-१८७ पैकी जेमतेम २.८ टक्क्यांचा क्षय होतो, तेव्हा थोडे ऑस्मिअम सरकले तरी वय बरेच बदलते. ते जिथे साचले तो तुकडा खोटा म्हातारा दिसतो आणि जिथून गेले तो खोटा तरुण. मोठ्या पत्रीचे तुकडे आणि लेझरचे ठिपके म्हणूनच फसवतात. अख्खी पत्री, शक्य तर अनेक पत्र्या, एकत्र कुटून एकजीव भुकटी करावी आणि त्या भुकटीतून नमुना घ्यावा. तीन आकड्यांची सरासरी मात्र काढू नका, कारण पत्रीचा उरलेला भाग मोजलेलाच नाही. आणखी एक: ± ७ मध्ये क्षयांकाची (क्षयाचा वेग सांगणाऱ्या स्थिरांकाची) त्रुटी आहे का? ती सुमारे ०.३ टक्के असते, म्हणजे इथे ५ दशलक्ष वर्षे.

अणुरेणू
रेनिअम किती पीपीएम (दशलक्षांत किती भाग) आहे? शेकड्यांत असेल तर धातूंचा स्रोत प्रावरणात आहे, असे मानता येते.

गारगोटी
स्रोत कोणी विचारलेला नाही. शिवाय एकाच ठेव्यात रेनिअम दहापटींनी बदलताना आढळते, त्यामुळे एका आकड्यावरून प्रावरण गाठणे मला धाडसाचे वाटते.
अर्धायुष्य, मध्य प्रदेशातील मलांजखंडच्या तांबे-मॉलिब्डेनम ठेव्यातही मॉलिब्डेनाइटची वये २४९० दशलक्ष वर्षांच्या आसपास आणि ग्रॅनाइटच्या झिर्कॉनची २४७८ च्या आसपास आली होती. तिथल्या झिर्कॉनच्या त्रुटी दहाएक दशलक्ष वर्षांच्या असल्याने तो फरक फारसा खटकत नाही. आपल्या त्रुटी मात्र हा फरक भरून काढत नाहीत. झिर्कॉनमधून शिसे निसटले असेल, तर वय कमी दिसू शकते. आलेखावर कण, युरेनिअमच्या दोन्ही समस्थानिकांची वये जुळतात त्या रेषेवर होते का?

अर्धायुष्य
हो, २२ पैकी १९ कण रेषेवरच होते.

कातळवाट
मग झिर्कॉनला दोष देण्यापूर्वी एकच प्रश्न: मोजलेल्या ग्रॅनाइटला ती शीर खरोखर छेदते का?

अर्धायुष्य
नमुना ताजा हवा होता, म्हणून शिरा नसलेला गुलाबी ग्रॅनाइट घेतला. शिरा लगतच्या करड्या ग्रॅनाइटमध्ये आहेत. मी दोन्ही एकच समजत होतो.

कातळवाट
तर मग आपण शीर एका खडकातली मोजली आणि वय दुसऱ्याच खडकाचे काढले. दोघांच्या संपर्काचे छायाचित्र असल्यास नीट पाहावे.

अर्धायुष्य
आत्ताच पाहिले. हातोड्याच्या दांड्याशेजारी गुलाबी ग्रॅनाइटचा बोटभर जाडीचा फाटा करड्या खडकात शिरला आहे आणि क्वार्ट्झची शीर त्याच्याशी येऊन तुटते. फाट्याच्या पलीकडे तीच शीर पुन्हा सुरू होते, म्हणजे गुलाबी ग्रॅनाइट शिरेनंतर आला. दोन वर्षे हे छायाचित्र माझ्याकडे आहे आणि मी त्यात फक्त हातोडा मोजमापासाठी ठेवला होता. करड्या ग्रॅनाइटचे झिर्कॉन वेगळे करायला देतो आणि उरलेली पत्री कुटायला. परवा मार्गदर्शकांना धातुकाचे वय अजून हाती नाही, असेच सांगावे लागेल.

अभ्रकप्रेमी
सांगा, पण शिरेच्या कडेचे सेरिसाइट फेकून देऊ नका.