पर्वती टेकडी : चढण, मंदिरे आणि वरून दिसणारे पुणे – अनुभव धागा

पर्वतीवर पहिल्यांदाच जाणाऱ्यांना उपयोगी पडतील असे बारकावे इथे लिहा. इतिहास चालेल, पण तिथे उभं राहून पडताळता येईल असा.

सदाशिवपेठी
पायऱ्या १०३, पण आकड्यावर जाऊ नका. त्या बुटक्या आणि लांबरुंद आहेत, त्यामुळे एका पायरीला एक पाऊल कमी पडतं आणि दोन जास्त होतात. सगळा भार एकाच गुडघ्यावर येऊ लागतो. दर दहा-बारा पायऱ्यांनी पुढचा पाय बदला. मेट्रोने आलात तर स्वारगेटला उतरून पायी या. पायथ्याशी गाडी लावायची कटकट वाचते.

रानवाटा
हिवाळ्यात पहाटे गेलात तर शहर दिसणारच नाही. थंड हवा खाली बसते, धूर-धुकं तिच्यातच अडकतं. ऊन तापल्यावर थर विरतो. खरी नजर पोचते ती पावसाच्या सरीनंतर: नैर्ऋत्येला सिंहगड, त्यावरचा मनोरासुद्धा. शहर उत्तरेला पसरलंय, म्हणून थंडीत दुपारी सूर्य पाठीशी राहतो आणि फोटो स्वच्छ येतात.

मोडीवाचक
आधी देवदेवेश्वर पाहा. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं हे पंचायतन आहे: मधे शंकर, चार कोपऱ्यांना सूर्य, गणपती, विष्णू, देवी. नानासाहेबांचं निधन १७६१ मध्ये इथेच झालं, पानिपतानंतर काही महिन्यांतच. ती जागा न पाहता लोक थेट कठड्याकडे धावतात, याचं फार वाईट वाटतं. संग्रहालयाच्या तिकिटाला सुटे पैसे ठेवा.

कठड्यावरून आधी सारसबाग शोधा. तिथे पूर्वी तळं होतं, नानासाहेबांनीच आंबिल ओढ्याचं पाणी अडवून केलेलं. मग उत्तरेला, जेमतेम अडीच किलोमीटरवर शनिवारवाडा. तो इमारतींत हरवतो, म्हणून फोनवरचं होकायंत्र लावा. त्याच्या डावीकडे, दूरवर गणेशखिंड. तिथे इंग्रजांशी झालेली ५ नोव्हेंबर १८१७ ची खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरूनच पाहिली. सरळ रेषेत सहा-सात किलोमीटर. एवढ्या अंतरावरून माणसं नव्हे, फार तर धूर आणि धूळ दिसणार.

गुडघेदुखी
उतरताना जास्त जपा. पायऱ्यांचा मधला दगड पावलांनी गुळगुळीत झालाय आणि पावसाळ्यात कडेला शेवाळ धरतं. म्हणजे मधेही घसरतं, कडेलाही. दोन्हींच्या मधली खरबरीत पट्टी धरा, आणि पायरी ओली असेल तर पाऊल आडवं टाका.