मदत हवी आहे : वडीलधारी मार्गदर्शक ताई कशी शोधावी? (सोलापूर)

सर्व भगिनींना प्रभूच्या नावात सलाम.

लग्न होऊन मी दोन वर्षांपूर्वी नगरहून सोलापुरात आले. जुळे सोलापूरला राहतो. मिस्टर अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात, बहुतेक रात्रपाळी. बाळ सात महिन्यांचं. आई मागच्या वर्षी प्रभूकडे गेली, आणि तेव्हापासून मन मोकळं करायला कुणी उरलंच नाही.

रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाते, महिला मंडळातही बसते. पण तिथं पन्नास जणींसमोर काय बोलणार? एकदा एकीला घरातली गोष्ट विश्वासानं सांगितली, ती पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांना कळली होती. तेव्हापासून तोंड उघडायची भीती वाटते.

बायबलमधल्या तीताच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात वृद्ध स्त्रियांनी तरुणींना शिकवावं असं लिहिलंय. येशूची आई मरीया तर गरोदरपणी आपल्या वयस्कर नातेवाईक अलीशिबेच्या घरी जाऊन सुमारे तीन महिने राहिली. मला असंच एक घर हवंय, जिथं चहा घेता घेता रडलं तरी चालेल. उपदेश नंतर, आधी ऐकून घेणारं माणूस.

आमच्या चर्चच्या मंडळीत साठीच्या एक निवृत्त नर्सबाई आहेत, फार शांत स्वभावाच्या. त्यांना थेट विचारू की पाळकीणबाईंमार्फत (पाळकांच्या पत्नीमार्फत)? आठवड्याला भेटणं जास्त होईल का? आणि बोललेलं दोघींतच राहावं, हे त्यांना न दुखावता कसं सांगायचं? ज्यांनी असं नातं जोडलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.